टोपीवरची पट्टी

डॉ. श्रावस्ती सोनकांबळे यांनी खुर्ची मागे ढकलली आणि दोन्ही हातांनी कान दाबून धरले.

"थांबा. एक शब्द नको."

तपासणी यंत्रावर हनुवटी टेकवून बसलेल्या सारजाबाई थांबल्या नाहीत. हनुवटी टेकलेली असल्यामुळे त्यांचे उरलेसुरले दात एकमेकांवर आपटत होते, तरी त्या बोलत होत्या. कान दाबूनही जे ऐकू यायचं ते आलंच.

"...त्यो निळा उजेड बगा, अर्धा तास. लई गार वाटलं डोळ्याला..."

श्रावस्तीने हात खाली घेतले. आता दाबून उपयोग नव्हता.

"आजी, दारावरची पाटी बघितली का?"

"मला कुटं वाचाया येतंय, बाय."

"मग वर्षाराणी सिस्टरनी तोंडी सांगितलं असेल ना? आतल्या डॉक्टरांना कुठला इलाज झाला ते सांगायचं नाही म्हणून?"

"सांगितलं की. म्हणून तर हळू बोलले."

श्रावस्तीने घंटी वाजवली. वर्षाराणी दारात आली आणि खोलीतली शांतता बघूनच तिला काय झालं ते कळलं.

"परत?"

"परत. यांचा डोळा आता मी मोजायचा नाही. सोलापूरचे डॉक्टर येतील तेव्हा त्यांच्याकडून मोजून घ्यायचा."

"म्हंजे मला पुन्यांदा यायचं व्हय?" सारजाबाई उठता उठता म्हणाल्या. "माजा डोळा हिता हाय, तुमी हिता हाव. सोलापूरचा कशाला?"

याचं उत्तर श्रावस्तीने या उन्हाळ्यात इतक्यांदा दिलं होतं, की आता ते तिच्या तोंडून निघता निघता झिजलं होतं. तिने फक्त हात जोडले. सारजाबाईंना तो नमस्कार वाटला. त्यांनीही हात जोडले, भरभरून आशीर्वाद दिला आणि गेल्या.

गोष्ट साधी होती आणि साधी असूनही ती कुणाला पटत नव्हती. तुरीच्या राशी सुरू झाल्या की उमरगा, मुरूम आणि पलीकडच्या कर्नाटकातल्या गावांतून डोळे यायला लागत. भुसकट उडायचं, कुसळ जायचं, ऊस तोडताना पात्याची कड लागायची. दोन-चार दिवस कुणी ते चोळायचं, कुणी औषधाच्या दुकानातून मिळतील ते थेंब घालायचं. तोवर बुबुळावरच्या ओरखड्यात बुरशी शिरलेली असायची. मग तासातासाला औषधाचे थेंब, आठवडेच्या आठवडे. त्यातूनही कित्येक डोळ्यांत शेवटी पांढरं फूल पडायचंच.

म्हणून ही चाचणी. बुबुळावर जीवनसत्त्वाचे पिवळे थेंब मुरवायचे आणि त्यावर निळसर किरण सोडायचे. त्याने बुबुळाचे थर एकमेकांना घट्ट धरतात. क्रॉसलिंकिंग म्हणतात त्याला. बुबुळ फुगत जाण्याच्या एका वेगळ्या आजारावर तो इलाज कित्येक वर्षं चालत आलेला. सडत चाललेल्या जखमेवर तो चालतो का, जंतू मरतात का, का उलट त्रासच होतो, हे पक्कं कुणाला माहीत नव्हतं. ते शोधायचं तर अर्ध्या रुग्णांना नुसते औषधाचे थेंब द्यायचे आणि अर्ध्यांना थेंब अधिक उजेड. कुणाला काय, ते संगणक ठरवणार. आणि शेवटी डोळा मोजणाऱ्याला कुणाला काय मिळालं ते कळता कामा नये. कारण ज्याला कळतं त्याची आशा मोजपट्टीत शिरते.

उमरग्याच्या हमरस्त्यालगतच्या या धर्मादाय दवाखान्यात ते न कळून घेण्याचं काम श्रावस्तीकडे होतं. उजेड देण्याचं काम वरच्या मजल्यावर डॉ. अमरसिंहकडे. दोघं एका डब्यातलं जेवत, आणि जेवताना रुग्णांचं नाव काढत नसत.

लोकांना मात्र उजेड सोडून दुसरं काही बोलायचंच नसे. थेंब घरीही घालता येतात; उजेड म्हणजे दवाखाना. ज्यांना मिळाला ते सांगायला धडपडत, ज्यांना नाही मिळाला ते तक्रार करायला. "आमचं काय चुकलं?" असं एकाने विचारलं होतं. "काही चुकलं नाही. उजेडाने बरं वाटतं की नाही ते आम्हालाच माहीत नाही," असं तिने सांगितल्यावर तो माणूस तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला होता. डॉक्टर असून माहीत नाही, आणि वर तोंडाने सांगते.

एक गोष्ट श्रावस्तीने कुणालाच सांगितली नव्हती. उजेड लागू पडावा असं तिला मनापासून वाटत होतं. एखादा डोळा चांगला भरून आलेला दिसला, की हा उजेडातला असणार, असं तिच्या मनात येऊन जाई. ती तो विचार झटकायची. तो परत यायचा. मोजणाऱ्याने आशा धरू नये हा नियम तिने स्वतःच नव्या मुलांना शिकवला होता.

"पुढचे कोण?"

"व्याही," वर्षाराणी म्हणाली. "दोघंही. तीन महिन्यांची शेवटची तपासणी. आणि मॅडम, शरणबसप्पा सकाळपासून तुमच्या दाराला लागूनच बसलेत. पंख्याखालच्या बाकड्यावर जा म्हटलं तर म्हणतात, मला हितंच गार लागतंय."

हे दोघं व्याही साऱ्या दवाखान्याला ठाऊक होते. मुरूमच्या शरणबसप्पांचं आडतीचं दुकान. त्यांचा मुलगा अमरनाथ. सीमेलगतच्या खेड्यातले उमाशंकर हे अमरनाथच्या बायकोचे वडील. जावयाने मळणी यंत्र घेतलं, त्याची पूजा झाली, पहिली रास लागली, तेव्हा दोन्ही व्याह्यांना मानाने पुढे उभं केलं. पुढे म्हणजे भुसा उडतो त्या तोंडासमोर. वाऱ्याची दिशा फिरली तरी दोघांतला एकही मागे सरकला नाही. आधी सरकायचं कुणी? आठवड्याभरात दोघांचाही डावा डोळा लाल, आणि त्यात पांढरा ठिपका.

उमाशंकर आत आले. पांढरी टोपी त्यांनी दारातच काढून हातात घेतली आणि सांगितल्याशिवाय बसले नाहीत. त्यांच्यामागे त्यांची मुलगी भुवनेश्वरी होती. उपचाराच्या दिवसांत दोघांच्या डोळ्यांत तीच थेंब घालायची. आधी सासऱ्यांच्या, मग वडिलांच्या. वडिलांचा डोळा कितीही ठणकत असला तरी हा क्रम कधी बदलला नव्हता.

"तू बाहेर थांब," श्रावस्ती तिला म्हणाली. "एका वेळी एकच माणूस."

तिने उजवा डोळा झाकला आणि समोरचा अक्षरांचा तक्ता दाखवला. उमाशंकर थांबत थांबत, चुकलं तर माघारी येत वाचत गेले. शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत आले. श्रावस्तीने लिहून घेतलं. मग यंत्रावर हनुवटी टेकवून घेतली. फेब्रुवारीत हीच जखम तिने मोजली होती. दोघा व्याह्यांत मोठी आणि खोल ती हीच. आता तिथे बुबुळाच्या कडेला धुरकट डाग होता, मधला भाग आरपार स्वच्छ. डोळा चांगला भरला होता. इतका चांगला, की तो विचार मनात आलाच: हे उजेडातले. तिने तो झटकला आणि डागाची लांबी-रुंदी मोजली.

"तुमचा डोळा छान आहे, मामा."

उमाशंकरांनी मान डोलावली. बाकीचे लोक इथे हसत. हे हसले नाहीत.

"मॅडम, बीगरचा कसा हाय?" सीमेवरच्या गावांत व्याह्याला बीगर म्हणतात.

"त्यांचा अजून बघायचाय. आणि बघितला तरी मी फक्त त्यांनाच सांगणार."

"तसं न्हाय. म्हंजे... माज्यापरास बरा असंल न्हवं?"

"ही काय डोळ्यांची शर्यत आहे का?" श्रावस्तीचा आवाज थोडा चढला. सकाळपासून हा चौथा-पाचवा माणूस नको ते विचारत होता. "तुमचा बरा झाला ना? मग झालं."

"व्हय, झालं की," उमाशंकर म्हणाले. टोपी हातात फिरवत ते थोडा वेळ उभे राहिले. मग दाराबाहेर जाऊन त्यांनी ती डोक्यावर चढवली.

शरणबसप्पा आत आले ते बोलतच. दवाखान्याचं पाणी खारट आहे, बाकडी मोडकी आहेत, हमरस्त्यावरचे ट्रक इतके कर्णे वाजवतात की चांगला डोळाही दुखायला लागेल. पण एक गोष्ट श्रावस्तीला कबूल करावी लागे: इतकं बोलणारा हा माणूस उजेडाबद्दल चकार शब्द काढत नसे. तीन महिन्यांत एकदाही नाही. 'पाटी वाचलीया म्या,' असं येता-जाता सांगत, तेवढंच.

"बसा. उजवा डोळा झाका. दिसेल तिथपर्यंत वाचा."

"समदं दिसतंय," शरणबसप्पा म्हणाले आणि त्यांनी सुरुवात केली. खणखणीत आवाजात, न थांबता, शाळेत पाढे म्हणावेत तसं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, चौथी. श्वास घेतला आणि पाचवी.

श्रावस्तीची पेन्सिल थांबली. बॅटरीच्या उजेडात तिला त्यांचा डावा डोळा समोर दिसत होता. बुबुळाच्या बरोबर मधोमध दाट पांढरं फूल होतं, चुन्याचं बोट टेकवल्यासारखं. त्याच्या आडून हाताचा पंजा दिसला तरी पुष्कळ होतं. पाचवी ओळ दिसणं शक्यच नव्हतं.

ती उठली आणि तक्ता उलटा करून टांगला. मागच्या बाजूला दुसरी अक्षरं होती.

"परत एकदा वाचा. पहिल्यापासून."

शरणबसप्पांनी परत तीच अक्षरं म्हटली. त्याच चालीत, त्याच खणखणीत आवाजात. पाचव्या ओळीनंतर तर त्यांनी सहावीचीही दोन अक्षरं बोनस दिली.

श्रावस्ती दाराकडे बघत राहिली. दार प्लायवूडचं. दिवसभर आत कुणीतरी तक्ता वाचत असतं, आणि दिवसभर हा माणूस दाराला लागून बसलेला. पंख्याची हवा सोडून.

"शरणबसप्पा," ती सावकाश म्हणाली. "माझी किती बोटं आहेत?"

"पाच."

"मी किती दाखवतेय?"

ती हात जवळ, आणखी जवळ नेत गेली. अगदी नाकाशी नेल्यावर ते पुटपुटले, "तीन."

"दोन."

बाहेर एक ट्रक कर्णा वाजवत हैदराबादच्या बाजूला गेला. त्यावर शरणबसप्पा काही बोलले नाहीत.

"तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय करताय?" श्रावस्ती म्हणाली. आवाज चढू द्यायचा नाही असं ठरवूनही तो चढलाच. "एकेक डोळा मोजायला आम्ही वर्षभर राबतोय. कुणी आत येऊन उजेड-उजेड करतं. कुणी थेंब देवळात ठेवून येतं. आणि तुम्ही? शिकलेले, आडत चालवणारे, तक्ता पाठ करून येता. काटा मारल्यासारखंच आहे हे. तुमच्या आडतीत कुणी असा काटा मारला तर?"

ते त्यांना लागलं. डोळ्यावरचं झाकण काढून त्यांनी मांडीवर ठेवलं.

"काटा न्हाय मारला म्या कदी."

"मग हे काय?"

"लिवा, काय खरं हाय ते लिवा. पर बाहेर सांगू नका."

श्रावस्तीने खरं ते लिहिलं. मग यंत्रावर बसवून फूल मोजलं. मधे बुबुळ पातळ झालं होतं. पुढेमागे नेत्रदानातलं बुबुळ बसवावं लागेल, त्यासाठी सोलापूरला नाव नोंदवायला हवं, हे तिने समजावून सांगितलं. शेवटची तपासणी पुरी झाली. कागदावर तारीख घालून सही केली, घंटी वाजवून वर्षाराणीला बोलावलं आणि दोघा व्याह्यांचे कागद तिच्या हातात दिले.

वर्षाराणी गेल्यावर तिने विचारलं, "बाहेर म्हणजे कुणाला? चन्नम्माबाईंना?" चन्नम्मा म्हणजे शरणबसप्पांची बायको. एकदाच आल्या होत्या. त्या दिवशी भुवनेश्वरीने दिवसभरात मान वर केली नव्हती.

"तिला तर न्हायच. पर आदी बीगरला न्हाय."

"का?"

"ते सांगितलं तर तुमची पाटी मोडती."

श्रावस्ती थबकली. आता हात कानांवर नेण्याचा नियम होता. पण दोघांचं मोजून झालं होतं, लिहून झालं होतं, कागद खोलीबाहेर गेले होते. तिने हात मांडीवरच ठेवले.

"सांगा."

शरणबसप्पांनी दाराकडे बघितलं. प्लायवूडमधून काय काय ऐकू जातं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. ते खुर्ची ओढून पुढे सरकले.

"उजेडात त्यांचं नाव निगालं. माजं न्हाय. त्या दिशी वर कापडं बदलायच्या खोलीत त्यांना हिरवा झगा घातला, टोपी घातली. मी आपला बाकड्यावर. म्या काय बोललो न्हाय बगा. इतकंच म्हणलो, 'जावा बीगर. आमाला काय, आमी पोराकडचे.'" ते थांबले. "तितकं बोलायचं नव्हतं."

श्रावस्तीच्या लक्षात पुढचं यायला लागलं होतं, पण ते तिला ऐकायचं नव्हतं.

"त्यांनी डोक्यावरली टोपी काडली अन् माज्या डोक्यावर घातली. दोनी हातांनी. लग्नात आहेराची घालत्यात तशी. मग झगा. 'बेड, बेड,' म्हणलो म्या, नको नको म्हणलो. पर पोरीच्या बापानं घातलेली टोपी काडून ठिवायची कशी, तुमीच सांगा. पोरगी दारात हुबी. तिच्यादेखत?"

"वर कुणी नाव नाही विचारलं?"

"विचारलं की. टोपीवरची पट्टी वाचली अन् म्हणले, उमाशंकर का? म्या मान हलवली."

टोपीवरची पट्टी. झोपलेल्या रुग्णाच्या अंगावर चादर असते, हात आत असतात, मनगटावरचं नाव शोधण्यात वेळ जातो; म्हणून नाव आणि कुठला डोळा ते चिकटपट्टीवर लिहून टोपीवरच लावायचं, डॉक्टरांच्या नजरेसमोर. ही युक्ती श्रावस्तीची होती. बैठकीत सगळ्यांना ती आवडली होती. नाव टोपीवर लावलं तर ते टोपीबरोबर जातं, आणि या भागात टोपी एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर केव्हा जाते, हे धाराशिवमध्ये जन्मलेल्या तिच्या लक्षात यायला हवं होतं. लग्न-बारशाला टोपी-टॉवेलाचे आहेर तिने काय कमी बघितले होते?

साठीचे दोन पुरुष, दोघांचा डावा डोळा, दोघांच्या बुबुळावर पांढरा ठिपका. तोंडावर कापड. अमरसिंहला कळणार तरी कसं?

ती खिडकीकडे वळली. कागदावर उमाशंकर उजेडातले होते आणि त्यांचा डोळा भरला होता. शरणबसप्पा बिनउजेडाचे होते आणि त्यांचा गेला होता. कागद तिच्या मनासारखं बोलत होता. खरं त्याच्या नेमकं उलटं होतं. ही खोली आणि बाहेरचं बाकडं सोडून ते कुठेच माहीत नव्हतं. दोन डोळ्यांवरून काहीच सिद्ध होत नाही, हेही तिला माहीत होतं. पण असे दोन-दोन करूनच शेवटची बेरीज होणार होती.

"त्या उजेडानंच गेला का माजा?" मागून शरणबसप्पांनी विचारलं.

"माहीत नाही."

"उजेड नसता तर राहिला असता?"

"तेही माहीत नाही. खरंच. तेच शोधतोय आम्ही." 'आमचं काय चुकलं' विचारणाऱ्या त्या माणसासारखे हेही आता बघत राहतील, म्हणून ती थांबली.

शरणबसप्पा हसले. "तुमी बऱ्या. माहीत न्हाय म्हणता तरी. आमच्या गावात समद्यांना समदं माहीत हाय."

"हे मला वरती कळवावं लागेल. डॉक्टर अमरसिंहांना आणि चाचणी चालवणाऱ्यांना. नाव येणार नाही, पण अदलाबदल झाली हे लिहावं लागेल."

"कळवा. पुण्याला कळवा, मुंबईला कळवा, दिल्लीला कळवा. बाहेरच्या बाकड्यावर तेवडं कळवू नका." ते पुढे झुकले. आवाज एकदम खाली गेला होता. "त्या माणसानं आपल्या वाटचं मला दिलं, डाक्टरबाई. ते वाईट निगालं असं त्याला कळलं तर त्यो परत माज्या दारात याचा न्हाय. अन् चन्नम्माला कळलं, तर तुज्या बापानं मुद्दाम दिलं म्हणून त्या पोरीला रोज खाईल. पोरगी चांगली हाय. तासातासाला उठायची माज्या डोळ्यासाठी."

"म्हणून पाठांतर."

"तुमचे तक्ते दोन हाईत हे ठावं नव्हतं."

श्रावस्तीला हसू आलं नाही, पण राग कुठे ठेवायचा तेही कळेना. "तुमच्या डोळ्याचं मी कुणाला सांगत नाही. तो नियमच आहे. पण कुणी मला समोर विचारलं, तर चांगला आहे असं मी म्हणणार नाही. खोटं बोलणार नाही मी."

"तुमी गप ऱ्हावा. खोटं मी बोलतो," शरणबसप्पा म्हणाले आणि टोपी नीट करून उठले.

दार उघडताच त्यांचा मूळचा आवाज परत आला. "पाच वळी वाचल्या, बीगर! डाक्टरबाई बगतच ऱ्हायल्या!"

बाकड्यावरून उमाशंकर घाईने उठले. त्यांनी आधी व्याह्यांकडे आणि मग दारात उभ्या असलेल्या श्रावस्तीकडे बघितलं. ती गप्प राहिली. आपलं गप्प राहणं किती मोठ्याने ऐकू येतंय, असं तिला वाटलं.

"शिवा, शिवा. लई झाक झालं," उमाशंकर म्हणाले.

भुवनेश्वरीने खालून ताक आणलं होतं. उमाशंकरांनी तिच्या हातातला पेला घेऊन व्याह्यांपुढे धरला. शरणबसप्पांनी हात पुढे केला. एकाच डोळ्याने अंतराचा अंदाज चुकला; बोटं पेल्याच्या चार बोटं अलीकडे, हवेतच मिटली. उमाशंकरांनी पेला हळूच पुढे सरकवला, बोटांना लागेपर्यंत. भुवनेश्वरी पदर नीट करत खाली बघू लागली.

"ताक खारट हाय," शरणबसप्पा घोट घेऊन म्हणाले. "पाण्यापरास बरं."

श्रावस्ती आत आली आणि तिने वरच्या मजल्यावर फोन लावला.

"अमर, टोपीवरची पट्टी आजपासून बंद. नाव मनगटावर, आणि प्रत्येकाने आपल्या तोंडाने पूर्ण नाव सांगायचं. आणि दुपारी एक कागद तयार करायचाय. तू, मी आणि वर्षाराणी."

"का गं? काय झालं? चांगली तर चाललीय पट्टी."

"वर येऊन सांगते."

खिडकीतून दवाखान्याच्या पायऱ्या दिसत होत्या. ऊन पांढरं पडलं होतं आणि त्या उन्हात एक पायरी दुसरीपासून वेगळी ओळखू येत नव्हती. व्याही पायऱ्यांच्या तोंडाशी आले. उमाशंकर नेहमी एक पाऊल मागे चालत. मुलीच्या बापाने तसंच चालायचं. आज ते पुढे होऊन व्याह्यांच्या डाव्या बाजूला आले आणि उभे राहिले.

"बीगर, जरा हात द्या की," ते इतक्या मोठ्याने म्हणाले की ते खिडकीपर्यंत ऐकू आलं. "ह्या पायऱ्या मेल्या मला दिसंनात."

"दिसंनात?" शरणबसप्पा करवादले. "अन् डोळा बरा झाला म्हणून सांगत होतासा. धरा, धरा हात. पडचाल, अन् मला बोल लावचाल."

उमाशंकरांनी त्यांचा हात धरला आणि एकेक पायरी मोजत दोघं खाली उतरू लागले.

शेवटून दुसरी ओळ, उमाशंकरांच्या कागदावर श्रावस्तीने मघाशी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

"हॅलो?" फोनवर अमरसिंह म्हणत होता. "अगं, ऐकतेयस ना?"